सुई न उचलता

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला माझ्या पॅटर्न क्लबाच्या सभासदांना एक झिप फाइल मिळते. तिच्यात गोधडीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सलग टाकायची एक नक्षी असते, तिला साजेसा काठ असतो, काठाचा कोपरा असतो आणि एखाद्या महिन्यात चौकोनी ब्लॉकात बसणारी एक सुटी आकृतीही असते. सभासद ती नक्षी पडद्यावर पाहतात आणि आवडली तर लगेच तसे कळवतात. या पहिल्या पसंतीवर फारसे विसंबता येत नाही, असा माझा अनुभव आहे. पडद्यावर दिसते ते चित्र. वर्गणीच्या बदल्यात सभासदाच्या पदरात पडतो तो एक मार्ग: संगणकाने चालणाऱ्या यंत्राची सुई कुठून निघेल, कोणत्या वळणाने जाईल, कोणत्या वाटेने परतेल आणि कुठे थांबेल, याची बिंदूबिंदूने मांडलेली आज्ञावली. क्लब चालवण्यातला माझा बहुतेक वेळ या मार्गापायी जातो, आणि क्लब कसा असावा याविषयीची माझी मतेही त्यातूनच बनली आहेत.

ज्यांनी गोधड्या शिवण्याचे लाँगआर्म यंत्र पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. घरगुती शिवणयंत्र जागच्या जागी असते आणि कापड सरकवावे लागते. लाँगआर्मचे याच्या उलट आहे. तुकडे जोडून तयार केलेला गोधडीचा वरचा थर, मधला मऊ भरणीचा थर म्हणजे बॅटिंग आणि खालचे अस्तर हे तिन्ही १० ते १२ फूट लांबीच्या चौकटीवरच्या रुळांवर ताणून बसवतात आणि चाकांवर ठेवलेले यंत्रच त्यांच्यावरून फिरते. यंत्राच्या लांब हाताखालची मोकळी जागा साधारण १८ ते ३० इंचांची असते. तेवढ्यात मावणारा पट्टा शिवून झाला की रूळ फिरवून पुढचा पट्टा समोर घ्यायचा. संगणक येण्यापूर्वी नक्षीचा लांबलचक कागद यंत्रामागच्या फळीवर पसरून त्या रेषेवरून लेझरचा ठिपका हाताने फिरवीत नेत, आणि आजही कित्येक जणी तसेच करतात. अमेरिकेत मिसुरी राज्यातील वेस्ट प्लेन्स येथल्या गॅमिल कंपनीची यंत्रे १९८० च्या दशकापासून वापरात आली. पुढे पॉल स्टॅटलर यांनी त्या यंत्राला संगणकाची जोड दिली. उजवी-डावीकडे आणि पुढे-मागे अशा दोन दिशांना मोटरी बसल्या आणि हाताने फिरवायचा ठिपका फाइलमध्ये गेला. आमचा क्लब हा त्या फाइलींचा क्लब आहे.

मार्ग इतका काटेकोर का असावा लागतो, हे एका साध्या हिशेबाने कळते. ९० इंच रुंद आणि १०८ इंच लांब अशी मोठ्या पलंगाची गोधडी घ्या. नक्षीचे एक आवर्तन १२ इंच रुंद आणि ९ इंच उंच असेल, तर एका ओळीत साडेसात आवर्तने बसतात आणि अशा १२ ओळी होतात, म्हणजे एकूण ९० आवर्तने. एका आवर्तनातील रेषेची लांबी ५० इंच धरली, तर सुईला त्या गोधडीवर ४,५०० इंच, म्हणजे सुमारे ११४ मीटर चालायचे असते, आणि इंचाला १० टाके या मापाने ४५,००० टाके घालायचे असतात. मार्गात एके ठिकाणी जरी सुई विनाकारण अडखळत असली, तरी ते अडखळणे ९० वेळा होणार. हाताने घातलेल्या टाक्यांत एखादी रेष हलली तर ती हाताची खूण म्हणून गोड वाटते. तीच हललेली रेष ठरावीक अंतराने ९० वेळा दिसली की पाहणाऱ्याचे गोधडीकडे लक्ष राहत नाही, तो त्या जागा मोजू लागतो.

उदाहरणासाठी पानांची एक साधी वेल घेऊ. देठ डावीकडून नागमोडी निघतो, त्याला वर-खाली पाने फुटतात आणि प्रत्येक पानाच्या मधोमध एक शीर असते. कागदावर काढताना मी आधी देठ काढीन, मग पाने आणि शेवटी शिरा. पेन्सिल कितीदा उचलली याची कोणी चौकशी करीत नाही. सुई मात्र उचलायची नसते. (तशी ती उचलता येते, पण उचलली की दोरा गाठवा, कापा, पुन्हा सुरू करा, आणि ९० आवर्तनांत हा खटाटोप करायला कोणतीही क्विल्टर, म्हणजे गोधडी शिवणारी, तयार होणार नाही.) म्हणून सगळी वेल एका अखंड रेषेत बसवायची, आणि ती रेष डाव्या कडेला ज्या उंचीवर सुरू होते त्याच उंचीवर उजव्या कडेला संपवायची, म्हणजे पुढचे आवर्तन तिथून बिनबोभाट सुरू होते. आता पानाच्या बुडाशी पोहोचलेल्या सुईपुढे तीन रेषा आहेत: पानाची एक कड, दुसरी कड आणि मधली शीर. तिन्ही बुडापासून टोकापर्यंत जात असतील, तर प्रत्येक रेष एकेकदाच शिवून पुन्हा बुडाशी येणे शक्यच नाही, कारण एका रेषेने वर, दुसरीने खाली आणि तिसरीने पुन्हा वर गेलेली सुई टोकाशी अडकून पडते. कोनिग्सबर्ग शहरातले सातही पूल एकेकदाच ओलांडून फिरता येईल का, या प्रश्नाला १८ व्या शतकात गणितज्ञ लिओनार्ड ऑयलर यांनी जे उत्तर दिले, तेच इथे लागू पडते: जिथे विषम संख्येने वाटा मिळतात तिथे एखादी वाट पुन्हा चालावी लागते. गणिताची ही शाखा पुढे फार विस्तारली. माझे मात्र पानापुरतेच भागते.

कोणती वाट पुन्हा चालायची, हा खरा निर्णय. जिथून सुई दुसऱ्यांदा जाते तिथे दोऱ्याचे दोन थर पडतात. दोन थर खपून जातात; तिसऱ्यांदा गेली तर तिथे दोऱ्याचा उंचवटा तयार होतो, आणि गडद कापडावर फिका दोरा असेल तर तो लांबूनही नजरेत भरतो. शिवाय यंत्र कितीही अचूक असले तरी त्याच्याखालचे कापड थोडेफार हलतेच, त्यामुळे परतताना सुई पहिल्या टाक्यांवर तंतोतंत पडेलच असे नाही. ती केसभर बाजूला पडू शकते. लांब देठावर हे केसभर अंतर दिसले की शिवण चुकल्यासारखी वाटते. पानाच्या शिरेवर ते दिसले तर शीर जरा ठसठशीत दिसते, एवढेच. म्हणून परतीची वाट शक्य तितकी आखूड ठेवावी आणि दुहेरी रेष मुद्दाम काढल्यासारखी वाटेल अशाच जागी ती घालावी, हा माझा नियम आहे. वेलीतल्या पानाची शीर मी टोकाच्या अलीकडेच थांबवते, त्याच शिरेवरून सुईला खाली आणते, मग दोन्ही कडा एका दमात काढून देठावर पुढे पाठवते. जिथे असे जमत नाही तिथे परतीची रेष पहिलीच्या अंगावर न घालता पाव इंच बाजूने समांतर नेते आणि तिलाच नक्षीचा भाग करून टाकते. नाइलाजाने आलेली ही समांतर रेष पुष्कळदा नक्षीला रूप देऊन जाते, आणि सभासदांच्या पसंतीच्या पत्रांत नेमका तिचाच उल्लेख असतो, याची मला मोठी गंमत वाटते.

मार्ग ठरला की तो बिंदूंत बांधायचा. हाताने काढलेले चित्र स्कॅन करून सॉफ्टवेअरकडून आपोआप रेष काढून घेण्याची सोय असते, पण तिने काढलेल्या रेषेत चार बिंदू पुरले असते तिथे चाळीस पडतात आणि प्रत्येक बिंदूशी दिशा अगदी किंचित बदलत असल्यामुळे यंत्र साध्या वळणावरही गचके खात चालते. बिंदू फारच कमी केले तर वळण सैल पडते आणि पाकळीचा गोलवा जातो. त्या सोयीच्या वाटेला मी जात नाही. स्कॅन खाली ठेवून त्यावर एकेक वळण स्वतः बसवते. अणकुचीदार टोकांविषयी मी याहून कंजूष आहे, कारण प्रत्येक टोकाशी यंत्राला वेग आवरून दिशा बदलावी लागते आणि टोके वाढली की ओळीला लागणारा वेळ वाढतो. दुसऱ्यांच्या गोधड्या मोबदला घेऊन शिवून देणाऱ्या सभासदांना हा वेळ थेट खिशातून द्यावा लागतो. नुसती वळणेच ठेवावीत, तर त्यांचाही एक जाच असतो: भरधाव गोलाईवर दोऱ्याचा ताण किंचित जरी बिघडलेला असला तरी वरचा दोरा खालच्या बाजूला ओढला जातो आणि अस्तरावर वळणाच्या कडेने पापण्यांसारखे बारीक धागे उभे राहतात. ताण ठीक करणे हे क्विल्टरचे काम आहे. पण नक्षीत एकामागून एक तंग वेटोळी भरून ठेवणाऱ्याने सगळा दोष ताणाच्या माथी मारू नये.

लहान मापाचा प्रश्न तर मी प्रत्येक नव्या सभासदाला पहिल्याच पत्रात समजावून सांगते. फाइलमधली नक्षी हवी तेवढी लहान-मोठी करता येते, म्हणून नऊ इंचांची ओळ चार इंचांची करून बाळाच्या दुपट्यावर टाकण्याचा मोह होतो. आता नक्षीत पाव इंच व्यासाचा मोत्यासारखा गोल आहे असे समजा. त्याचा परीघ पाऊण इंचाहून थोडा जास्त, म्हणजे इंचाला १० टाके घेतले तर त्या गोलाला आठ टाके मिळतात आणि गोलाचा अष्टकोन होतो. इथवर डोळा फसतो आणि त्याला गोल मानतो. नक्षी निम्म्यावर आणली की त्याच गोलाला जेमतेम चार टाके उरतात, आणि चार टाक्यांचा चौकोन कोणत्याही डोळ्याला गोल वाटत नाही. टाके बारीक केले तर आकार थोडा सुधारतो, पण सुईची भोके इतकी जवळ येतात की तिथे कापड पिंजल्यासारखे दिसू लागते. त्यामुळे मी प्रत्येक नक्षीसोबत तिची कमीत कमी उंची लिहून देते. ती सूचना कितीजणी वाचतात हे मला ठाऊक आहे, आणि तरीही देते.

एक आवर्तन देखणे झाले म्हणजे नक्षी झाली, असे नाही. ओळीवर ओळ आली की दोन ओळींच्या मधोमध रिकाम्या जागेचा पट्टा तयार होतो, आणि बाराही ओळींत तो पट्टा त्याच जागी आला की गोधडीवर वेल दिसण्याऐवजी आडवे रस्ते दिसतात. उपाय जुना आहे: एक ओळ सोडून एक ओळ अर्ध्या आवर्तनाने बाजूला सरकवायची आणि वरच्या ओळीतल्या खोलगट जागेत खालच्या ओळीचा उंचवटा शिरेल अशी बाह्यरेषा ठेवायची. हे जमले आहे की नाही हे पाहण्यासाठी मी पडद्यावर बऱ्याच ओळी एकत्र मांडते, उठून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाते आणि डोळे किलकिले करून बघते. पाने, शिरा, मोती सगळे नाहीसे होते आणि उरतो तो फक्त रेषांचा दाटपणा. एखादी जागा काळवंडलेली दिसली तर तिथे टाके जास्त पडणार, तिथले कापड आक्रसणार आणि शेजारची मोकळी जागा फुगून वर येणार. बॅटिंगचाही यात वाटा असतो. शिवणीच्या दोन रेषांत जास्तीत जास्त किती अंतर चालेल हे बॅटिंग बनवणारे वेष्टनावर छापतात, आणि ते काहींच्या बाबतीत तीन-चार इंच तर काहींच्या बाबतीत आठ-दहा इंचही असते. माझ्या नक्षीत कुठेही तीन इंचांपेक्षा मोठी मोकळी जागा राहू द्यायची नाही असे मी ठरवले आहे, कारण सभासद आत कोणते बॅटिंग घालणार हे मला विचारून घालत नाहीत.

इथवरचे काम माझ्या हौसेचे आहे. पुढचे काम मला मुळीच आवडत नाही, पण क्लब खऱ्या अर्थाने त्याच्यावर चालतो. यंत्रे वेगवेगळ्या कंपन्यांची आणि प्रत्येकीची फाइल वेगळी: स्टॅटलरला क्यूएलआय किंवा पीएटी, इंटेलिक्विल्टरला आयक्यूपी, हँडी क्विल्टरच्या प्रो-स्टिचरला एचक्यूएफ, बर्निनाच्या क्यू-मॅटिकला बीक्यूएम. सर्वसाधारण फाइल म्हणून डीएक्सएफ असते. ती १९८२ मध्ये ऑटोकॅड या नकाशे काढण्याच्या सॉफ्टवेअरसोबत आली, आणि इमारतींचे व यंत्रांचे नकाशे एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्यासाठी ती घडवलेली असल्यामुळे सुईच्या प्रवासाशी तिला काही देणेघेणे नसते. नकाशात रेषा आहेत एवढे पुरते. कोणती आधी आणि कोणती नंतर, हा प्रश्न तिथे उद्भवत नाही. त्यामुळे डीएक्सएफ बनवताना सगळी रेष एकाच अखंड साखळीत जोडली आहे ना, हे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. नाहीतर यंत्राला एका पानाचे सुटे सुटे सात तुकडे दिसतात आणि ते प्रत्येक तुकड्याशी थांबते. मी सगळ्या फाइली बनवल्यावर प्रत्येक फाइल पुन्हा उघडून सुईचा प्रवास पडद्यावर सावकाश चालवून बघते. हे काम कंटाळवाणे असते, आणि ते दुसऱ्या कोणावर सोपवायला मी अजून धजावलेले नाही.

पहिल्या तारखेनंतरचे काही दिवस पत्रांचे असतात. "ताई, फाइल उघडतच नाही," ही तक्रार दर महिन्याला येते, आणि दहांतल्या आठ वेळा तरी कारण एकच निघते: झिप न उलगडता तशीच पेन ड्राइव्हवर घालून यंत्राला लावलेली असते, आणि यंत्राच्या टॅबलेटला झिप वाचता येत नाही. दुसरी एक गोम जास्त छळते. काही संगणक पेन ड्राइव्हवर फाइल लिहिताना तिच्यासोबत त्याच नावाची, पण आधी टिंब आणि खालची आडवी रेघ असलेली, एक छुपी फाइल ठेवून देतात. संगणकावर ती दिसत नाही. यंत्रावर दिसते, आणि यादीत नेमकी खऱ्या फाइलीच्या वर बसते. सभासद तिच्यावर बोट ठेवते, यंत्र नकार देते, आणि ती मला लिहिते की पैसे भरून घेतलेली फाइल रिकामी निघाली. अशा पत्रातला सूर कधी कधी बराच तिखट असतो, पण त्यामागची परिस्थिती मी जाणते: चौकटीवर गिऱ्हाइकाची गोधडी ताणून बसवलेली आहे, ती उद्या द्यायची कबूल केलेली आहे, आणि ही बाई यंत्रापाशी एकटी उभी आहे. म्हणून मी उत्तरात आधी कारण सांगत बसत नाही. "यादीत त्याच नावाची दुसरी फाइल खाली असेल, ती निवडून पाहा," एवढे एक वाक्य पाठवते आणि खुलासा नंतरच्या पत्रासाठी ठेवते.

क्लबाच्या मुळाशी असलेला पेच याहून अवघड आहे. क्लब म्हटला की दर महिन्याला नवे काहीतरी हवे; वर्गणी नावीन्याचीच असते. पण क्विल्टिंगच्या रोजच्या कामाला लागतात त्या मोजक्या, भरवशाच्या नक्ष्या. सभासद मला पूर्ण झालेल्या गोधड्यांची छायाचित्रे पाठवतात, आणि ती एकत्र पाहिली की ज्यांच्या संग्रहात शेकडो फाइली आहेत त्यांच्याही कामात त्याच त्या काही नक्ष्या फिरून फिरून येताना दिसतात: एखादी भोवऱ्याची, एखादी पानांची, एखादी नुसत्या लाटांची. मांजरे, चहाचे पेले, बर्फाचे स्फटिक अशा विषयांवरच्या नक्ष्यांचे पहिल्या दिवशी जोरदार स्वागत होते, एकदा हौसेने त्या शिवल्या जातात आणि मग पेन ड्राइव्हवर पडून राहतात. यात सभासदांचे काही चुकत नाही. वरच्या थरात आधीच शेकडो तुकडे, अनेक रंग आणि छपाईची फुले यांची गर्दी असते, आणि त्या गर्दीवर टाकलेली गुंतागुंतीची नक्षी दिसतच नाही. दिसली तर तुकड्यांशी भांडताना दिसते. साध्या, एकरंगी कापडावर प्रत्येक टाका दिसतो, पण तशा गोधड्या कमीच येतात. सलग टाकायच्या नक्षीने तिन्ही थर धरून ठेवावेत, पृष्ठभागाला एकसारखा पोत द्यावा आणि बाकी मान ज्याने तुकडे जोडले त्याच्याकडे जाऊ द्यावा, असे माझे मत पक्के झाले आहे. जी नक्षी पाहून गिऱ्हाईक गोधडीचेच कौतुक करते आणि नक्षीविषयी अवाक्षर काढत नाही, तिला मी यशस्वी समजते.

हे मत असलेल्या बाईने दर महिन्याला नवी नक्षी विकावी, यात विसंगती आहे आणि ती मला कळते. त्यातून मी काढलेला मार्ग असा: वर्षातले काही महिने नवी आकृती द्यायचीच नाही. जुन्या, चालत्या नक्षीला घेऊन तिचे दाट आणि विरळ असे दोन अवतार करायचे; तिचा काठ, कोपरा आणि त्रिकोणी जागेत बसणारा तुकडा करून द्यायचा; शिरा वगळून झटपट शिवून होणारी आवृत्ती द्यायची. पहिल्यांदा असे केले तेव्हा काही सभासदांनी वर्गणी थांबवली, आणि त्यांच्या दृष्टीने ते रास्तच होते, कारण त्या संग्रह करीत होत्या आणि मी हत्यारे देऊ लागले होते. ज्या उरल्या त्यांत पोटापाण्यासाठी गोधड्या शिवणाऱ्यांचे प्रमाण जास्त आहे. त्यांची पत्रे कमी येतात. येतात ती नेमकी असतात: अमुक नक्षीचा काठ साडेतीन इंचांत बसवून द्या, तमुक नक्षी उजव्या कडेला फार वर संपते.

परवान्याविषयी मात्र सगळ्यांनाच लिहावे लागते. माझा नियम सोपा आहे: घेतलेली नक्षी कितीही गोधड्यांवर शिवा, गिऱ्हाइकांच्या गोधड्यांवर शिवून हवे तेवढे पैसे मिळवा, त्या गोधड्या प्रदर्शनात लावा, फाइल मात्र दुसऱ्या कोणाला देऊ नका. कलाकृतींच्या हक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात १९०८ च्या दुरुस्तीने आलेल्या तत्त्वानुसार कलाकृतीवरचा हक्क ती निर्माण होताच, कुठेही नोंदणी न करता मिळतो, पण फाइलीला कुलूप नसते आणि मी ते लावूही इच्छित नाही, कारण कुलपाचा त्रास पैसे देणारीलाच जास्त होतो. शिवाय माझा दावा मर्यादित आहे. पिसाची नक्षी, शिंपल्यांच्या ओळी, एकात एक गुंतलेल्या कमानींचे पंखे या आकृत्या पिढ्यान्‌पिढ्या हातांनी शिवल्या गेल्या आहेत आणि त्या सगळ्यांच्या आहेत. माझा आहे तो मी काढलेला विशिष्ट आकार आणि त्यातला मार्ग. कठीण प्रश्न येतात ते अप्रामाणिक लोकांकडून नव्हे, तर फार प्रामाणिक लोकांकडून. दोघी बहिणींनी मिळून एक यंत्र घेतले आहे, तर वर्गणी एक भरावी की दोन? मी एकच घेते, कारण चौकट एक आहे आणि एका वेळी एकच गोधडी तिच्यावर चढते. यंत्र विकायचे आहे आणि त्याच्या टॅबलेटमध्ये सगळ्या फाइली आहेत, त्यांचे काय? फाइली क्विल्टरसोबत जातात, यंत्रासोबत नाही. त्या पुसूनच यंत्र द्यावे. आणि क्विल्टरच राहिली नाही तर? एका सभासदाच्या मुलीने हे विचारले होते, कारण आईचे यंत्र आता तीच चालवणार होती. तिला मी परवाना तिच्या नावावर करून दिला आणि आईच्या संग्रहातल्या ज्या फाइली जुन्या पेन ड्राइव्हवर खराब झाल्या होत्या त्या पुन्हा पाठवल्या. नियमावलीत यासाठी कलम घालावे असे एकीने सुचवले होते. मी ते घातलेले नाही, अशी पत्रे एकेक करून वाचलेली बरी.

संगणक शिवतो तर मग तुम्ही काय करता, हा प्रश्न बाहेरचे लोक विचारतात. थर सरळ बसवणे, अस्तर चारही बाजूंनी पुरेसे मोठे आहे ना हे पाहणे, ताण जुळवणे, दोरा तुटला की नेमक्या त्याच टाक्यावर परत जाऊन सुरू करणे, ओळ संपायच्या आत खालच्या दोऱ्याचे बॉबिन रिकामे होईल का याचा अंदाज घेणे, हे सगळे माणूसच करतो, कारण यंत्राला कापड दिसत नाही. या वादात मी यापेक्षा जास्त वेळ घालवत नाही.

पुढच्या महिन्याची नक्षी सध्या चाचणीसाठी बाहेर आहे. प्रत्येक प्रकारच्या यंत्रावर ती आधी कोणीतरी शिवून पाहावी लागते आणि त्यासाठी काही सभासद दर महिन्याला आपले जुने कापड आणि वेळ खर्च करतात; त्यांच्याकडून मी वर्गणी घेत नाही. त्यांतली एक मुद्दाम पांढऱ्या कापडावर काळ्या दोऱ्याने शिवते, म्हणजे लपवण्यासारखे काही उरत नाही. तिच्या नमुन्याचे छायाचित्र काल आले. आयक्यूपी फाइल व्यवस्थित चालली, ओळी एकमेकींत नीट बसल्या. पण तिसऱ्या पानाच्या बुडाशी तिने लाल खूण केली आहे आणि लिहिले आहे की इथे दोरा तीनदा पडतो, देठ थोडा आधी वळवला तर दोनदाच पडेल. मी मार्ग चालवून पाहिला. तिचे म्हणणे बरोबर आहे. देठ वळवला की दोन पानांमधली जागा थोडी वाढते, म्हणून तिथे एक छोटे पान घालावे लागेल, आणि छोट्या पानाला शीर ठेवायची की नाही हे अजून ठरायचे आहे. शीर ठेवली तर परतीची वाट आलीच. बहुधा ठेवणार नाही. ते पान बिनशिरेचे काढून सगळ्या फाइली पुन्हा बनवायच्या आहेत आणि आठवडा संपायच्या आत तिला परत पाठवायच्या आहेत, कारण तिच्या चौकटीवर सध्या चाचणीचे कापड आहे आणि सोमवारी तिथे गिऱ्हाइकाची गोधडी चढणार आहे.